क्षमा आणि मदत : ‘कोए नो काताची’च्या निमित्ताने

मराठीत घरातल्या छळासाठी शब्दांची वाण नाही. जाच, सासुरवास, छळवाद, गांजणूक : सुनेच्या वाट्याला आलेल्या दुःखाने भाषेला ही सारी शब्दसंपत्ती दिली आहे. शाळेच्या वर्गात एक मूल दुसऱ्या मुलाला महिनोन्‌महिने जे सोसायला लावते, त्यासाठी मात्र आपण खोडी, चेष्टा, टिंगल, मस्करी, चिडवाचिडवी असे शब्द वापरतो. या प्रत्येक शब्दाला खेळाची छटा आहे. तो उच्चारताच घडलेली गोष्ट निम्मी माफ होऊन जाते. ‘रॅगिंग’ हा शब्द आपल्याकडे वसतिगृहांबरोबर रुळला आणि १९९९ साली महाराष्ट्राने त्याविरुद्ध स्वतंत्र कायदाही केला. परंतु त्या शब्दाने डोळ्यांपुढे उभा राहतो तो महाविद्यालयातला नवखा विद्यार्थी. सहावीच्या वर्गात ज्याच्या शेजारी बसायला कोणी तयार नाही, ज्याच्या बोलण्याची रोज नक्कल होते, ते मूल त्या शब्दाच्या बाहेरच राहते. त्याच्यासाठी आपले ठरलेले वाक्य असते : ‘मुलंच ती, चालायचंच.’

जपानी भाषेत या गोष्टीला नाव आहे : ‘इजिमे’. सतावणे, छळणे अशा अर्थाच्या क्रियापदापासून बनलेले हे नाम १९८०च्या दशकात तेथील सार्वजनिक चर्चेत ठाण मांडून बसले. १९८६ साली टोकियोतील एका शाळकरी मुलाने आत्महत्या केली. त्याआधी त्याच्या वर्गात त्याच्या अंत्यविधीचा ‘खेळ’ खेळला गेला होता. तो मेला आहे असे मानून एका कार्डावर निरोपाचे संदेश लिहिले गेले होते आणि त्या कार्डावर काही शिक्षकांच्याही सह्या होत्या. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी केन्जी कियोनागा यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात वर्गातील छळाची चौपदरी रचना मांडली : छळणारा, छळला जाणारा, भोवती जमून हसणारे प्रेक्षक, आणि पाहून न पाहिल्यासारखे करणारे तटस्थ. या चौथ्या वर्तुळाला मोरितांनी विशेष महत्त्व दिले. पुढे २०११ साली ओत्सु शहरातील तेरा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूनंतर जपान पुन्हा हादरला आणि २०१३ साली शालेय छळाच्या प्रतिबंधाचा कायदा संमत झाला. त्या कायद्याची व्याख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. करणाऱ्याचा हेतू काय होता, हे ती विचारत नाही. ज्याच्यावर कृती झाली त्याला वेदना झाली का, हे विचारते. ‘मी तर गंमत केली’ हा बचाव तिथे व्याख्येतच निकालात निघतो.

त्याच २०१३ साली योशितोकी ओइमा यांची ‘कोए नो काताची’ ही मांगा, म्हणजे चित्रकथामाला, एका साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘आवाजाचा आकार’. या कथेच्या पहिल्या आराखड्याला २००८ सालीच नवोदितांच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले होते. परंतु कर्णबधिर मुलीचा छळ हा विषय इतका नाजूक वाटला की ती छापली जायला २०११ साल उजाडले. सात खंडांच्या या कथेवरून क्योटो ॲनिमेशन या संस्थेने काढलेला, नाओको यामादा यांनी दिग्दर्शित केलेला आणि रेइको योशिदा यांनी पटकथा लिहिलेला ॲनिमेशनपट सप्टेंबर २०१६मध्ये प्रदर्शित झाला. जगभर तो ‘अ सायलेंट व्हॉइस’ या नावाने ओळखला जातो. छळाविषयीचा भावस्पर्शी चित्रपट, आत्मविश्वास गवसण्याची कहाणी, असे त्याचे वर्णन सर्रास केले जाते. ते खोटे नाही. पण त्या वर्णनातल्या ‘आत्मविश्वास’ या शब्दाचा अर्थ चित्रपट इतका मुळापासून बदलतो की ते वर्णन मान्य करण्यापूर्वी थोडे थांबावे लागते.

कथा गिफू प्रांतातील ओगाकी या गावात घडते. बाशो या कवीने आपला उत्तरेकडचा प्रसिद्ध प्रवास १६८९ साली जिथे संपवला, तेच हे पाण्याचे, कालव्यांचे, पुलांचे गाव. सहावीच्या वर्गात शोको निशिमिया ही कर्णबधिर मुलगी नव्याने दाखल होते. तिच्या हातात एक वही असते. वर्गाने आपल्याशी त्या वहीतून बोलावे, एवढीच तिची विनंती. शोया इशिदा हा वर्गातला द्वाड मुलगा तिच्या उच्चारांची नक्कल करतो, तिच्या कानाशी ओरडतो, वही पाण्यात फेकतो, श्रवणयंत्रे हिसकावून टाकून देतो. एकदा यंत्र ओढताना तिच्या कानातून रक्त येते. आठ यंत्रे गेल्यावर तिच्या आईची तक्रार येते, मुख्याध्यापक वर्गात उभे राहतात, आणि वर्गशिक्षक क्षणात शोयाकडे बोट दाखवतात. कालपर्यंत हसणारा सारा वर्ग आपण त्यात नव्हतोच असे सांगू लागतो. शोया एकटा पडतो. आता छळ त्याचा सुरू होतो. शोको शाळा सोडून गेल्यावर त्याला उमगते की त्याच्या बाकावर लिहिलेल्या शिव्या रोज सकाळी पुसणारी मुलगी तीच होती.

पाच वर्षांनी भेटणारा शोया हा मान खाली घालून चालणारा मुलगा आहे. भोवतालच्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर त्याला एक निळसर फुली दिसते. त्याने आईच्या उशाशी पैसे ठेवले आहेत, कॅलेंडरची पुढची पाने फाडून टाकली आहेत आणि तो पुलावरून उडी घ्यायला निघाला आहे. मधल्या काळात तो खुणांची भाषा शिकला आहे. मरण्यापूर्वी शोकोला भेटून तिची वही परत करावी, हे त्याच्या यादीतले एक काम.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो नीट ऐकून घ्यायला हवा. छळलेली मुलगी शोको, पण कथा शोयाची. डोळे त्याचे, पश्चात्ताप त्याचा, मोकळे होणेही त्याचेच. ती मात्र हसतमुख, सोशिक, क्षमाशील. जणू त्याच्या उद्धारासाठीच योजलेली. अपंग पात्राने धडधाकट पात्राच्या नैतिक वाढीचे साधन व्हावे, ही कथासाहित्यातली फार जुनी खोड आहे आणि मराठी वाचकाला ती अपरिचित नाही. अंध भिकारी, मुका नोकर, पांगळी बहीण : अशा किती पात्रांनी नायकाच्या हृदयपरिवर्तनापुरतेच आयुष्य काढले असेल!

तरीही हा आक्षेप चित्रपटाला पुरता लागू पडत नाही, असे मला वाटते. शोकोचे हसू आणि तिचे सततचे ‘माफ करा’ हे सद्गुण म्हणून पाहिले, तरच तो लागू पडतो. चित्रपट त्यांच्याकडे हळूहळू वेगळ्या दृष्टीने पाहायला लावतो. नाओका उएनो ही वर्गातली जुनी सोबतीण पाळण्यात शोकोसमोर बसून तिला स्पष्टच विचारते, सुनावते. आपण दोघी एकमेकींना आवडत नाही हे कबूल करून टाकू, म्हणते. उएनो क्रूर आहे. पण शोकोशी बरोबरीच्या नात्याने भांडणारी तीच एक आहे. त्यावर शोको जे उत्तर देते त्याचा आशय एवढाच की, तिला स्वतःचीच घृणा वाटते. या उत्तरानंतर मागची सगळी दृश्ये पुन्हा आठवावी लागतात. ते हसू शांतीचे नव्हते. आपण जिथे जातो तिथे माणसांची आयुष्ये बिघडतात, ही खात्री झालेल्या मुलीने जगाकडे मागितलेली ती दिलगिरी होती. उन्हाळ्यातल्या आतषबाजीच्या रात्री ती घरच्या सज्जाच्या कठड्यावर चढते तेव्हा शोयाप्रमाणे प्रेक्षकही चकित होतो, आणि आपण तिला पाहत असूनही पाहिले नव्हते, हे त्याच्या ध्यानात येते. निवेदनाचा दृष्टिकोन शोयाकडे ठेवण्याचे प्रयोजन मला इथे दिसते. तिचा सोशिकपणा पाहून सुखावणारा प्रेक्षक शोयाइतकाच बेसावध राहिलेला असतो.

आता आत्मविश्वासाकडे येऊ. प्रचलित बोधकथेचा क्रम ठरलेला असतो : अपराध, पश्चात्ताप, क्षमा, आणि क्षमेतून परत मिळालेला ताठ कणा. शोयालाही हाच क्रम ठाऊक आहे आणि तो त्यावर विश्वास ठेवून हिशेब चुकता करायला निघतो. आईने श्रवणयंत्रांच्या भरपाईसाठी दिलेले १७ लाख येन त्याने नोकऱ्या करून, वस्तू विकून जमवले आहेत. पण त्याचा बेत ओळखून संतापलेली आई, जीव देणार नाही असे कबूल कर, नाहीतर नोटा जाळीन, अशी धमकी देते. आणि त्या गडबडीत नोटा खरोखरच पेट घेतात. हे दृश्य जवळजवळ विनोदी आहे. तरीही संपूर्ण चित्रपटाची नैतिक दिशा मला त्यात दिसते. हे कर्ज अशा रीतीने फिटणारे नाही. आईला तर ते फेडून घ्यायचेच नाही. याआधीही हिशेबाची एक भयंकर खूण येऊन गेलेली असते. भरपाई देऊन परतणाऱ्या आईच्या कानाला जखम झालेली असते. ती कशी झाली हे चित्रपट सांगत नाही. कानाच्या बदल्यात कान, असा विचार आपल्याच मनात येतो आणि त्याने कोणाचेच काही भरून आले नाही, हेही आपल्याला दिसते.

हिशेब जळाल्यावर उरते काय? शोया शोकोच्या आयुष्यात येत राहतो, मंगळवारी पुलावर माशांना पाव घालतो, जुन्या वर्गमैत्रिणींशी तिची गाठ घालून देतो. वरवर हे प्रायश्चित्त आहे. परंतु त्यातला स्वार्थही चित्रपट झाकत नाही. तिचे हरवलेले बालपण परत मिळवून देण्याच्या नादात तो पुन्हा तिच्या वतीने ठरवू लागतो. शोकोची धाकटी बहीण युझुरु त्याच्याकडे प्रथम संशयाने पाहते आणि तिचा संशय अगदीच अनाठायी नसतो. ज्याला स्वतःचा तिरस्कार वाटतो तो दुसऱ्याचे भले करतानाही स्वतःच्याच शिक्षेत गुंतलेला असू शकतो. पुढे भांडण पेटते तेव्हा शोया एकेका मित्राला तोडून बोलतो आणि त्यांच्या चेहऱ्यांवर फुल्या पुन्हा येऊन बसतात.

निर्णायक क्षण शेवटाकडे येतो. शोकोला वाचवताना शोया स्वतः खाली नदीत पडतो, बेशुद्ध राहतो, आणि शुद्धीवर येताच रात्री त्याच पुलावर जातो. शोको तिथे असते. तो तिची माफी मागतो, समोरासमोर, जुन्या आणि नव्या चुकांसाठी. एवढ्यावर थांबला असता तर हा चित्रपट इतर अनेकांसारखा झाला असता. पण त्यापुढे तो तिला एक मागणे मागतो : मला जगायला मदत कर. माझ्या मते या चित्रपटाची सारी थोरवी या मागण्यात आहे. क्षमा मागणारा कितीही नम्र असला तरी त्या मागणीत व्यवहार संपवण्याची घाई असू शकते. क्षमा मिळाली की दोघे आपापल्या वाटेने जायला मोकळे. मदत मागणाऱ्याला मात्र समोरच्या माणसापाशी थांबावे लागते. आणि ज्या मुलीने आयुष्यभर स्वतःला दुसऱ्यांवरचे ओझे मानले, तिच्याकडे कोणीतरी प्रथमच असे काही मागतो, जे देण्यासाठी तिला जिवंत राहावे लागेल.

आपण मुलांना आत्मविश्वास शिकवतो तो बहुधा वक्तृत्वस्पर्धेतला : ताठ उभे राहा, डोळ्याला डोळा भिडव, कोणाची गरज नाही असे समज. ‘कोए नो काताची’तला आत्मविश्वास याच्या नेमका उलट आहे. मला कोणाची तरी गरज आहे, हे लाज न बाळगता सांगता येणे म्हणजे आत्मविश्वास. शाळेच्या उत्सवात शोया कानांवरून हात काढतो, मान वर करतो, फुल्या गळून पडतात आणि माणसांचे आवाज एकदम त्याच्यापर्यंत पोहोचतात. त्या दृश्यात त्याने काहीही जिंकलेले नाही. तो फक्त गर्दीत उभा आहे आणि रडतो आहे.

बहिरेपणाचे रूपक करण्याचा मोह या विषयात मोठा असतो : खरा बहिरा तो, ही बहिरी नव्हेच, अशी चमकदार वाक्ये सहज सुचतात. चित्रपट त्या मोहापासून बराचसा दूर राहतो, कारण तो खुणांच्या भाषेला भाषा म्हणून वागवतो. हात, बोटे, थांबणे, चुकणे यांचे रेखाटन त्यात काळजीपूर्वक आहे. काही खुणांचा अर्थ तर बोलून दाखवलेलाच नाही. शोको एकदा हट्टाने खुणा सोडून आवाजाने प्रेम व्यक्त करते. ‘सुकी’ म्हणजे ‘आवडतोस’. शोयाला ऐकू येते ‘त्सुकी’, म्हणजे ‘चंद्र’, आणि तो आकाशाकडे पाहतो. एका व्यंजनाच्या फरकाने सांगितलेली गोष्ट हुकते. केन्सुके उशिओ यांनी संगीतासाठी पियानोच्या आतल्या हातोड्यांची, पायपट्टीची बारीक खुडबुड मुद्दाम टिपली आहे. सुरापेक्षा सुरामागचा स्पर्श जाणवावा, अशी ही योजना शीर्षकातल्या ‘आकारा’शी इमान राखणारी आहे.

एका बाबतीत मात्र चित्रपट कमी पडतो, आणि ती बाब शिक्षक-वाचकांना लागू असल्याने टाळून चालणार नाही. वर्गशिक्षक ताकेउची हा खलपुरुष नाही. तो फार तर दटावतो, फार तर दुर्लक्ष करतो. प्रकरण अंगाशी येताच तो तत्परतेने अपराधी दाखवून देतो आणि त्याबरोबर स्वतःची सुटका करून घेतो. मोरितांच्या चौथ्या वर्तुळात, बघ्यांच्या रांगेत, सर्वांत मोठ्या खुर्चीवर बसलेला माणूस तो. मूळ मांगात त्याची पुढेही गाठ पडते; चित्रपटात तो बालपणाच्या भागाबरोबर मागे राहतो. सात खंड दोन तासांत बसवताना काही गळणारच, हे खरे. पण जे गळले त्यामुळे एक असमतोल उरतो. सहावीतली मुले पुढची कित्येक वर्षे अपराधाचे ओझे वाहतात, एकमेकांना बोचकारतात, मिकी कावाईसारखी एखादी आपण निष्पाप होतो असे रडून सिद्ध करू पाहते. आणि ज्या प्रौढ माणसाच्या डोळ्यांदेखत हे घडले त्याला कोणीच काही विचारत नाही. सगळा दोष मुलांनी आपापसांत वाटून घ्यायचा, हीच व्यवस्थेची सोय असते. चित्रपटाने ती सोय नकळत तशीच राहू दिली आहे.

म्हणूनच हा चित्रपट ‘मूल्यशिक्षणा’च्या तासाला दाखवून, फळ्यावर ‘कोणालाही चिडवू नये’ असे तात्पर्य लिहून मोकळे होण्याची कल्पना मला धोकादायक वाटते. तात्पर्य विद्यार्थ्यांना उद्देशून असते. फळ्यापाशी उभा असलेला त्यातून आपोआप वगळला जातो. साहित्याच्या तासाला मात्र आपण दृष्टिकोन, निवेदन, मौनाच्या जागा यांबद्दल बोलतो, आणि या कथेचा नैतिक गाभा तिथेच आहे. नक्कल होते त्या दृश्यावर चित्रपट थांबवावा आणि विचारावे : या चौकटीत कोण हसते आहे? कोण वहीत डोके घालून बसले आहे? शिक्षक नेमका कुठे उभा आहे? उत्तरे चित्रपटापुरती राहणार नाहीत, याची तयारी ठेवूनच विचारावे.

आणि एक छोटा प्रसंग चर्चेतून सुटू देऊ नये. शोको वर्गात आल्यावर किता नावाची दुसरी एक शिक्षिका सुचवते की रोज सकाळी तीन मिनिटे साऱ्या वर्गाने खुणांची भाषा शिकावी. उएनो कुरकुरते; वहीत लिहिणे सोपे पडते, म्हणते. मियोको साहारा नावाची एक साधी मुलगी हात वर करते, मी शिकेन म्हणते. त्या हात वर करण्याची किंमत म्हणून तिचीच टिंगल सुरू होते आणि ती शाळेत यायची बंद होते. वर्षांनंतर ती शोकोला भेटते तेव्हा खुणांची भाषा बोलते. ती एकटीने शिकलेली असते. वर्गातल्या त्या तीन मिनिटांचे पुढे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. सूचना चांगली होती, करणारीचा हेतूही चांगला होता. हात वर करणाऱ्या मुलीच्या पाठीशी दुसऱ्या दिवशी कोण उभे राहणार, याचा विचार तेवढा कोणी केला नव्हता.